बोली चालू असताना

किशोरची आणि माझी पहिली भेट झाली त्या दुपारी आमच्या घराचं छत माझ्या अंदाजाने वीतभर वर उचललं गेलं आणि परत जागेवर येऊन बसलं. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. पहिल्या आवाजाला फळीवरचं तांब्याचं घंगाळ खाली आलं. दुसऱ्या आवाजाला भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलमधून थेट ऑगस्टमध्ये गेलं. तिसऱ्या आवाजाला समोरच्या कडुलिंबावरचे सगळे बगळे उठले आणि पवनारच्या दिशेने गेले, ते अजून परतलेले नाहीत. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना ऐकू येत नाही म्हणून मुलांनी कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते मशीन कानातून काढून, मुठीत धरून ते अंगणात आले आणि म्हणाले, "मले कोन बलावून राह्यलं?"

"वर जा," उज्वला म्हणाली. उज्वला म्हणजे माझी बायको. "तुम्हीच दिली ना खोली भाड्याने, पोरं न पाहता? म्हणे शांत मुलं आहेत, एक तर भाजीवालाच आहे. जा, विचारा त्या भाजीवाल्याले, वांगे चिरून राह्यला का रणगाडा."

मी जिना चढलो. आमचं घर वर्ध्याला आर्वी नाक्यापासून आत आहे आणि वरची खोली तोवर लोणच्याच्या बरण्या आणि लग्नात आलेली घड्याळं ठेवायला वापरली जात होती. दार उघडलं तर एक पोरगी ड्रमवर अशी तुटून पडली होती की जणू आत कुणी लपून बसलंय आणि त्याला बाहेर काढायचंय. एक उंच, वाळका पोरगा गिटारच्या तारा ओढत होता. आणि मधोमध पंचविशी ओलांडलेला एक गृहस्थ, पायाला चिखल, शर्टाच्या कॉलरला सांभाराची काडी चिकटलेली, डोळे मिटून, तोंड उघडून उभा होता. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तोंड इतकं उघडं होतं की त्याने दुपारी आलूची भाजी खाल्ली आहे हे मी शपथेवर सांगू शकलो असतो.

मला पाहताच तो थांबला. आणि ज्या माणसाने आत्ता छत उचललं होतं त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, नजर वर वाशांकडे लावली आणि इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाला की मला कान पुढे करून पुन्हा विचारावं लागलं.

"म्हनलं, लय झालं का जी काकाजी?"

"हे काय चाललंय?"

"रॉक हाये जी."

"रॉक म्हणजे काय?"

किशोरने गिटारवाल्याकडे पाहिलं. गिटारवाल्याने पोरीकडे पाहिलं. पोरीने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "काकाजी, थे म्हंजे रागच असते. फक्त तालात."

या विषयावर यापेक्षा चांगली व्याख्या मला नंतर कुठे सापडली नाही. मी खाली आलो आणि उज्वलाला सांगितलं की मुलं रागात आहेत, पण तालात आहेत. तिने घंगाळ कायमचं जमिनीवर ठेवलं.

किशोर अल्लीपूरकडचा. घरची थोडी ओलिताची जमीन आणि तिच्यात भेंडी, वांगी, सांभार. वडील चंद्रभानजी, आई कुसुमबाई. घरात वाजणारी एकच वस्तू, ती म्हणजे विहिरीवरची मोटार. अशा घरात रॉक बँड का निघाला हे समजायचं तर भाजीबाजार पाहिलेला हवा.

सकाळी शेतकरी माल आणतो, ढीग लावतो. अडत्या ढिगापाशी येतो, घेणारे भोवती गोळा होतात आणि हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होतो. अडत्या ओरडतो, घेणारे ओरडतात, हमाल ओरडतात, गायीसुद्धा आपलं मत देतात. एकटा ढिगाचा मालक बोलत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण बोली चालू असताना मालकाने तोंड उघडायचं नाही हे किशोरच्या बाजारात दगडावरच्या रेघेसारखं होतं. मालक बोलला म्हणजे मालात खोट आहे. म्हणून मालकाने हात पाठीमागे घ्यायचे, आभाळाकडे पाहायचं आणि असं उभं राहायचं की जणू हा ढीग दुसऱ्याच कुणाचा आहे, आपण नुसते पाऊसपाण्याचा अंदाज घ्यायला आलोय.

चंद्रभानजी या उभं राहण्यातले उस्ताद. ते उभे असले की घेणारे त्यांना खांब समजून टेकत. कुसुमबाई सांगतात की मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू झाली तसे हेही हात पाठीमागे घेऊन आभाळाकडे पाहत उभे राहिले, आणि वरपक्षाचे पाहुणे त्यांनाच विचारत होते, "पोरीचे बाप कुठी गेले जी?"

बापाबरोबर बाजारात जाऊ लागल्यावर किशोरनेही हे शास्त्र आत्मसात केलं. एकदाच चुकला. एका घेणाऱ्याने भेंडी नखाने मोडली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "कालची हाये." किशोरच्या तोंडून निघून गेलं, "आजचीच हाये जी. पायटेच तोडली मी."

बाजार गप्प झाला. मग तो घेणारा हसला. "अरे, मालक बोलला रे!" सगळे हसले आणि हसत हसत पुढच्या ढिगाकडे गेले. भेंडी उन्हात बसून राहिली आणि शेवटी गायींनी खाल्ली. घरी आल्यावर पाय धुताना चंद्रभानजी एवढंच म्हणाले, "तुले तोंड देल्लं देवानं, थे जेवाले देल्लं."

मी कलावंतांच्या पुष्कळ मुलाखती वाचल्या आहेत. प्रत्येकाला कुठून ना कुठून प्रेरणा मिळालेली असते. नदी, आई, चांदणं. किशोरला ती गायींनी खाल्लेल्या भेंडीपासून मिळाली.

पुढे तो सावंगीला मेडिकलच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये भाजी पोहोचवू लागला. तिथे वरच्या गॅलरीत रोशन गिटार वाजवत बसे. रोशन डॉक्टर होत होता, आणि मी त्याला ओळखू लागण्याच्या पुष्कळ आधीपासून होत होता. किशोर डोक्यावर वांग्याचा कट्टा, म्हणजे पोतं, घेऊन खाली थांबला आणि ऐकत राहिला.

"वर भांडन चालू हाये का भाऊ?" त्याने विचारलं.

"भांडण कुठे? गाना है, यार."

"असं भांडता येते गान्यात?"

"येतं ना. उसी के लिये तो है."

किशोरने कट्टा खाली ठेवला नाही. तसाच डोक्यावर धरून त्याने अडत्याची हाक दिली. तीच, जी तो रोज सकाळी गप्प उभा राहून ऐकत आला होता. सगळ्या गॅलऱ्यांत पोरं आली. रोशन चपला न घालता जिना उतरून खाली आला. मेसचा आचारी मात्र म्हणाला, "आवाज राहू दे, वांगे मोज."

समीक्षा तिसरी. ती आर्वीची, वडील एसटीत ड्रायव्हर. वडिलांच्या गाडीत समोरच्या सीटची पाठ बडवत मोठी झालेली. सावंगीला लॅबचं शिकत होती आणि सुईने रक्त काढताना जितकी हळुवार होती, तितकीच ड्रमशी निर्दय. तिघांनी आमची खोली घेतली आणि बँडचं नाव ठेवलं 'हर्रास'. सरावाची वेळ दुपारची, कारण किशोर बाजार आटोपून तेव्हाच मोकळा होई. म्हणजे ज्या वेळेला अख्खं वर्धा झोपतं, त्या वेळेला.

त्यांची गाणी पुष्कळ होती आणि खरं सांगायचं तर बरीचशी सारखीच होती. पण एक वेगळं होतं. ते सुरू होई तेव्हा किशोर अडत्या असे. गिटारच्या तारा घेणाऱ्यांसारख्या एकमेकींवर चढत जात, ड्रम धावत सुटत. मग सगळं एकदम थांबे, आणि त्या शांततेत किशोर आपल्या खऱ्या, हळू आवाजात म्हणे,

"माहा ढीग, त्याची बोली, मी काऊन चूप?"

मग तेच थोडं मोठ्याने. मग आणखी. आणि शेवटी बगळे.

"भाजीच्या भावाचं गाणं आहे का रे?" मी एकदा विचारलं.

"नाई जी काकाजी. भाव पडते, भाव चढते, थे त चालतेच. पन मायाच मालाबद्दल सगळे बोलतेत आन मीच नाई बोलत. थे बरं नाई लागत." मग तो म्हणाला, "हे गानं बाबाले आयकवाचं हाये. समोर उभं करून. बाकी कोनी नाई आयकलं तरी चालते."

उज्वला जिन्यात उभी होती. त्या दिवसापासून तिने दुपारच्या झोपेबद्दल तक्रार केली नाही. कणीक मळता मळता ती 'मी काऊन चूप', म्हणजे मी का गप्प, असं म्हणू लागली. आमच्या घरात तसं म्हणायला तिला फारसं कारण नव्हतं, पण म्हणायची.

पहिला मोठा कार्यक्रम आर्वीला, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात झाला. मेळाव्यात भाषणं संपल्यावर आणि जेवण सुरू होण्याआधी लोक पळू नयेत म्हणून काहीतरी हवं असतं, ते काहीतरी म्हणजे 'हर्रास'. किशोरने बापाला चल म्हटलं.

"भेंडी कोन तोडन?" चंद्रभानजी म्हणाले.

आम्ही गेलो. मैदान कापूस-सोयाबीनवाल्यांनी भरलेलं. किशोरने अडत्याची हाक दिली, आणि काय झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळं मैदान गप्प झालं. सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले. माणसं आभाळाकडे पाहू लागली. हर्रास लागला म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप मागे गेले होते. टाळी नाही, शिट्टी नाही. गाणं संपलं तरी तसेच उभे.

"पडलो आपन," समीक्षा माईकवरच म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या नत्थूजी नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पाठीमागचा एक हात सोडवला, मग दुसरा. दोन्ही हात त्यांनी जरा वेळ असे पाहिले की जणू पुष्कळ दिवसांनी भेटलेत. आणि ओरडले, "अजून एकदा म्हन बे पोरा!"

दुसऱ्यांदा गाणं किशोरला म्हणावंच लागलं नाही. मैदानच म्हणत होतं. जेवण थंड झालं, पाटवड्या वातड झाल्या, आणि आयोजकांच्या तोंडावर असा भाव होता की आपण विंचू पाळला.

किशोर खाली उतरला तो तिथूनच घरी फोन लावून. "बाबा, लोकं बोलले!"

पलीकडून चंद्रभानजी म्हणाले, "भेंडी तोडून झाली."

तरी किशोर खुशीत होता. पुढचा कार्यक्रम अल्लीपूरलाच ठरला होता, देवळापुढच्या मैदानात. तिथून चंद्रभानजींचं घर एवढं जवळ की बापाने कानात बोळे घातले तरी गाणं घरात शिरलं असतं. रोज सराव करून झाला की किशोर विचारी, "काकाजी, बाबा आले त कुठी बसवावं? पुढं का मधात?" मी म्हणे, पुढे. समीक्षा म्हणे, "मधात. पुढं बसवलं त उठून जाईन म्हातारा."

मधल्या काळात प्रभाकरराव आले.

प्रभाकरराव पिकांवर फवारायच्या एका टॉनिकचे वितरक. टॉनिकचं नाव लिहीत नाही, त्याची फुकट जाहिरात आधीच पुरेशी झाली आहे. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याच घरचं लग्न जमवताहेत. आर्वीच्या मैदानात त्यांनी ते गाणं ऐकलं होतं आणि सगळ्या शेतकऱ्यांचे हात सुटताना पाहिले होते. त्या सुटलेल्या हातांत बाटली बसेल हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. माणूस हुशारच.

दुपारी ते वरच्या खोलीत बसले. मी आणि उज्वला चहा घेऊन गेलो.

"गानं द्या आमाले," प्रभाकरराव म्हणाले. "शब्द बदलू थोडेसे. चाल हेच, आवाज हाच. नागपूरले नेतो, मोठ्या स्टुडिओत. गावोगाव वाजन."

"आणि आम्ही वाजवायचं नाही?" रोशनने विचारलं.

"आता एकच गानं दोन दुकानात कसं चालन, डॉक्टर?"

रोशन आकडा बोलला. प्रभाकरराव दुसरा आकडा बोलले. रोशन वाईट पोरगा नव्हता. त्याची शेवटची परीक्षा एकदाची जवळ आली होती, वर्धा सुटणार होतं, आणि निदान एक तरी गाणं स्टुडिओत व्हावं अशी त्याची इच्छा होती. तो उतरत गेला, प्रभाकरराव चढत आले.

"गानं किशोरचं हाये," समीक्षा म्हणाली. "त्याले विचारा ना. किशोर, बोल ना बे!"

आम्ही सगळ्यांनी किशोरकडे पाहिलं. तो भिंतीपाशी उभा होता. दोन्ही हात पाठीमागे. नजर वर, वाशांकडे.

"किशोर!"



"मी काय म्हणतो," मी मध्ये पडलो, "अल्लीपूरचा कार्यक्रम..."

"साहेब, तुमी कोन?"

"घरमालक."

"मंग तुमी भाडं घ्या," प्रभाकरराव प्रेमाने म्हणाले आणि रोशनकडे वळले. आणखी एक आकडा, त्यावर आणखी एक. किशोर तसाच. वाशांत असं काय होतं कोण जाणे, त्याची नजर हलली नाही. प्रभाकररावांचं आयुष्य बाजारात गेलेलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "मालक बोलत नाई म्हंजे माल खरा हाये." रोशनच्या हातावर हात मारला. "झालं."

चहा संपवून ते गेले. रोशन त्यांना सोडायला खाली उतरला. समीक्षा किशोरपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या हातात ड्रमच्या काड्या होत्या आणि मला खरोखर त्याच्या डोक्याची काळजी वाटली.

"काऊन नाई बोलला बे? काऊन नाई बोलला?"

किशोरने हात पुढे घेतले. तो चांगलाच गोंधळलेला दिसत होता. "बोलनारच होतो ना," तो म्हणाला. "पन बोली चालू होती."

समीक्षाने काड्या पिशवीत टाकल्या. जिना उतरताना तिने एकेका पायरीवर पाय असा आपटला की तो 'हर्रास'चा शेवटचा कार्यक्रम म्हणायला हरकत नाही. फळीवर काही नव्हतंच, त्यामुळे काही पडलं नाही.

अल्लीपूरचा कार्यक्रम रद्द झाला. गावकऱ्यांनी त्या जागी एकाचं मिमिक्रीचं ठेवलं, तेही बरं झालं म्हणतात. किशोर नागपूरला गेला आणि काचेच्या खोलीत, सांगितले ते शब्द, सांगितले तसे म्हणून आला. रोशन पास झाला, हे आम्हा सगळ्यांनाच अनपेक्षित होतं. तो आता बाहेरच्या कुठल्याशा शहरात आहे आणि दिवाळीला मेसेज पाठवतो. समीक्षा सावंगीतच लॅबमध्ये लागली. उज्वला रक्त तपासायला तिच्याकडेच जाते. दोघी बँडचा विषय काढत नाहीत. वरची खोली आम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना दिली. ती इतकी शांत आहेत की उज्वला अधूनमधून मला वर पाठवते, जिवंत आहेत का पाहायला.

मागच्या हिवाळ्यात किशोरने आम्हाला शेतात जेवायला बोलावलं. कुसुमबाईंनी रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी होती, आणि चंद्रभानजी बाजेवर बसून आमच्याऐवजी आभाळाकडे पाहत होते. पहिला घास घेतला आणि रस्त्यावर टेम्पो आला. वर दोन भोंगे, बाजूला बाटलीचं चित्र, बाटलीएवढीच भेंडी. भोंग्यातून अडत्याची हाक आली. गिटार, ड्रम, आणि मग ती शांतता. मी रोडगा खाली ठेवला.

"माहा ढीग, सर्वांत मोठा, भाव मिळते खूप!"

हळू. मग थोडं मोठ्याने. मग आणखी. बांधावरच्या बाभळीवरून पाखरं उठली, तेवढं मात्र जुनंच होतं.

उज्वलाने भाजीत डोकं घातलं. कुसुमबाई किशोरकडे पाहू लागल्या. चंद्रभानजी बाजेवरून उठले, हात पाठीमागे घेतले आणि टेम्पो वळणापलीकडे जाईपर्यंत उभ्याने ऐकत राहिले. मी त्यांना इतकं लक्ष देऊन काही ऐकताना पाहिलं नव्हतं.

"गळा दमदार हाये," ते म्हणाले. "कोन हाये थो?"

कुसुमबाईंनी तोंड उघडलं. किशोरने हातानेच त्यांना थांबवलं.

"असन कोनी," तो म्हणाला, आणि मला आणखी एक रोडगा वाढला.

जेवण झाल्यावर तो आम्हाला भेंडी दाखवायला घेऊन गेला. गाण्याचा मालक म्हणून प्रभाकररावांनी त्याला टॉनिकची एक बाटली फुकट दिली होती. ती त्याने भेंडीच्या दोन तासांवर, म्हणजे ओळींवर, फवारून पाहिली होती, बाकीचे तास तसेच ठेवले होते. काहीच फरक पडला नव्हता.